घसारा, भंगार आणि कोबाल्ट

किरणोत्सर्ग हा विषय विज्ञान शाखेच्या मित्रांचा. वाणिज्य शाखेतल्या मुलाने त्यावर का लिहावे, असे वाचकांना वाटेल. परंतु या विषयातला आपल्या देशातला एक मोठा अपघात प्रयोगशाळेत घडला नाही; तो निरुपयोगी सामानाच्या लिलावातून निघाला. लिलाव, नोंदवही, निर्लेखन या गोष्टी आम्हांला शिकाव्या लागतात. तेवढ्या बाजूनेच मी येथे लिहितो.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात ‘गॅमा सेल’ नावाचे एक यंत्र होते. 1970 च्या सुमारास ते कॅनडाहून आणलेले. आत कोबाल्ट-60 च्या पेन्सिलीसारख्या कांड्या आणि भोवती शिशाचे जाड कवच. 1985 नंतर ते कोणी वापरले नाही. फेब्रुवारी 2010 मध्ये इतर सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला व ते मायापुरीच्या भंगार बाजारात गेले. शिशाला लोखंडापेक्षा भाव अधिक, म्हणून तेथील कामगारांनी कवच फोडून वेगळे केले. म्हणजे जे राखण करीत होते तेच आधी विकायला निघाले! आतल्या धातूला वास नाही, हाताला चटका नाही. त्याचे तुकडे या दुकानातून त्या दुकानात फिरले. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली. केस गळाले, कातडी काळी पडली. सात जणांना रुग्णालयात दिवस काढावे लागले आणि आठवा, एक कामगार, दगावला.

आता हिशेबाकडे येऊ. कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य 5.27 वर्षे आहे, म्हणजे तेवढ्या काळात त्याचा किरणोत्सर्ग निम्मा होतो. आमच्या भाषेत हा दरसाल सुमारे 12.3 टक्के घसारा झाला, आणि तोही ऱ्हासमान शेष पद्धतीचा. या पद्धतीत दर वर्षीचा घसारा उरलेल्या शिलकीवर काढतात. त्यामुळे आकडा लहान होत जातो, पण शून्य कधीच होत नाही. समजा, आरंभीची किंमत 1,00,000 रुपये धरली. सव्वापाच वर्षांनी 50,000, साडेदहा वर्षांनी 25,000 आणि चाळीस वर्षांनी सुमारे 500 रुपये उरतात. लाखाच्या यंत्रापोटी पाचशे रुपये शिल्लक दिसले तर कोणताही कारकून ते निर्लेखित करून खाते बंद करील, आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुणही मिळतील. मायापुरीत माणूस मेला तो या दोनशेव्या भागाने.

महाराष्ट्रातले उदाहरण याहून सौम्य असले तरी मला अधिक विचार करण्यासारखे वाटते. ऑक्टोबर 2008 मध्ये फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 आढळला. बटणे बसविणाऱ्या सुमारे वीस कामगारांना मर्यादेपेक्षा जास्त किरण लागले होते. माग काढीत गेल्यावर ते पोलाद रायगड जिल्ह्यातल्या खोपोलीच्या एका ओतशाळेचे निघाले. भट्टीत भंगाराबरोबर असा स्रोत पडला की कोबाल्ट लोखंडाच्या रसात एकजीव होतो. मग त्याचा ना आकार उरतो, ना त्यावरची खूण. मेक्सिकोतल्या हुआरेझ गावी 1983 साली इस्पितळाच्या जुन्या यंत्राचे असेच झाले, आणि त्याच्या सळया इमारतींत गेल्या. ब्राझीलच्या गोयानियात 1987 साली सोडून दिलेल्या दवाखान्यातल्या सीझियमने चार बळी घेतले.

येथे शब्दांची एक गंमत सांगतो. कोल्हापुरात ‘गुजरी’ म्हणजे सराफांची पेठ. आमचे कन्नड मित्र भंगाराला ‘गुजरी’ म्हणतात. गॅमा सेलने एका जन्मात दोन्ही पाहिल्या.

उपाय काय? किरण ओळखणारी उपकरणे आपल्या हैदराबादेतल्या ईसीआयएल या सरकारी कंपनीत तयार होतात. बंदरांच्या व पोलाद कारखान्यांच्या फाटकांवर अशी उपकरणे बसविता येतात. पण जाड शिशाच्या आत असलेला स्रोत फाटकावरच्या उपकरणाला चुकवून जाऊ शकतो, कारण दर सव्वा सेंटिमीटर शिशामागे कोबाल्टचे किरण जवळपास निम्मे होतात. म्हणून त्याच्याही आधीचे फाटक म्हणजे जेथून सामान निघते तेथली जडवस्तू नोंदवही. स्रोत परत घेणारी संस्था आपल्याकडे आहे: नवी मुंबईत वाशी येथील ‘ब्रिट’. 2004 च्या नियमांनीही विल्हेवाटीची जबाबदारी स्रोत बाळगणाऱ्यावर टाकली होती. प्रश्न एवढाच, की यंत्र आणणारे प्राध्यापक निवृत्त झाल्यावर त्यात काय आहे हे लिलावाची यादी करणाऱ्याला कोण सांगणार? पिवळ्या पाटीवरची तीन पात्यांची खूण त्याला पंख्यासारखी दिसली तर त्याचा काय दोष! 2007 मध्ये कवटी आणि पळणारा माणूस दाखविणारी लाल पाटी काढली, ती याचसाठी. परंतु 1970 च्या यंत्रावर ती कोठून येणार?

माझ्या हाती नोंदवही आली तर मी तिच्यात ‘घसारा’ या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखीन: ‘आत काय आहे’ आणि ‘ते परत केल्याची पावती’. दुसरा रिकामा असेल, तर पुस्तकी किंमत एक रुपया असली तरी त्या वस्तूचे नाव लिलावाच्या यादीत चढणार नाही.