झिजलेली ब्रेक डिस्क : पिकअप गाडीकडून शिकण्याजोगे थोडे विज्ञान



आपल्यापैकी अनेकांच्या घरी भाजी, दूध किंवा बांधकामाचे सामान वाहणारी पिकअप गाडी आहे. तिचे लहानसहान काम वडील-काका घरच्या अंगणातच करतात. म्हणून या वेळी आम्ही ब्रेकचा विषय घेतला आहे. मोठ्या ट्रकला बहुधा हवेच्या दाबावर चालणारे ड्रम ब्रेक असतात. पिकअपला मात्र सामान्यतः पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो.

गतिज ऊर्जेचे सूत्र आपण वर्गात पाठ करतो : ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. मालासह २५०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ही ऊर्जा सुमारे साडेतीन लाख ज्यूल भरते. एक लिटर पाणी उकळायला जवळजवळ एवढीच लागते. ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता बनते, आणि वजन पुढे झुकत असल्याने मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो. चोर्ला घाट उतरताना हे पुन्हा पुन्हा घडते. म्हणूनच घाटात खालचा गिअर टाकायचा असतो.

डिस्क बिडाची असते. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत ओततात तेच करडे बीड. त्यातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे ते उष्णता चांगली वाहते आणि कंप शोषते. पण डिस्क झिजून पातळ झाली की उष्णता साठवायला धातूच कमी उरतो, ती लवकर तापते, तडे जाऊ शकतात. ब्रेक ऑइलही तापते. ‘डॉट ३’ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांना उकळते. हवेतील ओलावा शोषलेले १४० अंशांनाही उकळू शकते. ऑइलची वाफ झाली की पेडल सरळ खाली जाते आणि गाडी थांबत नाही.

डिस्क बदलायची का, हे डोळ्यांनी ठरवू नये. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. नवी आणि बाद डिस्क यांत सहसा दोनेक मिलिमीटरचाच फरक असतो. कडेला न झिजलेला काठ उरतो, त्यामुळे व्हर्नियर फसवतो. मायक्रोमीटर आत घेऊन चार-पाच ठिकाणी मोजावे.

आता पालकांसाठी. गाडी सपाट, कडक जमिनीवर हवी, मागच्या चाकांना दगड लावलेले हवेत. चाकाचे नट जॅक लावण्यापूर्वीच सैल करावेत. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडी लोखंडी स्टँडवर टेकवल्याशिवाय कोणीही हात आत घालू नये, मुलांनी तर नाहीच. कॅलिपर सोडला की तारेने टांगावा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. ब्रेकची धूळ फुंकू नये, हवेनेही उडवू नये. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा. तेथे गंजाचा कण राहिला तर नवी डिस्कही डगमगते आणि पेडल थरथरते. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून टाकावे. दोन्ही बाजूंच्या डिस्क एकदमच बदलाव्यात आणि पॅडही नवे घालावेत. एकच बदलली तर गाडी एका बाजूला ओढते. पिस्टन आत ढकलताना टाकीतले ब्रेक ऑइल वर येते, त्यावर लक्ष ठेवावे. ते सांडले तर रंग खाते.

काही पिकअपमध्ये डिस्क हबच्या मागून बसवलेली असते. तेथे बेअरिंग काढावे लागते. ते काम मेकॅनिककडेच द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नट समोरासमोरचे आवळावेत, टॉर्क पान्याने. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहावे; पहिल्या दाबात ते रिकामे जाते. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक आठ-दहा वेळा लावावा, मध्ये डिस्क थंड होऊ द्यावी. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत.

जुन्या डिस्क भंगारात गेल्या की पुन्हा भट्टीत वितळतात. त्यांतील एखादी मात्र शाळेत पाठवा. नववीच्या मुलांना मायक्रोमीटरच्या सरावासाठी प्रयोगशाळेत हवी आहे.