विजयस्तंभापासून मुक्तीच्या छापखान्यापर्यंत

दरवर्षी जानेवारीत, गर्दी ओसरल्यावर, आम्ही वसतिगृहातील मुलांना भीमा-कोरेगावचा विजयस्तंभ पाहण्यास नेतो. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली पलटण दुसऱ्या दिवशी सकाळी भीमेच्या काठी कशी पोहोचली, हे सांगतो. स्तंभावरील नावे वाचून दाखवितो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी या जागेस भेट दिली, एवढे सांगून थांबतो. इतिहास शिकविण्यात उभी हयात गेल्यामुळे हे सारे आम्हांस तोंडपाठ आहे. काही वर्षांपूर्वी सातवीतील एका मुलाने तेथेच विचारले, “सर, लढाई झाल्यावर हे शिपाई घरी जाऊन काय करायचे?”

प्रश्न साधा होता, पण तो आमच्या टिपणांत नव्हता. परतीच्या वाटेवर आम्ही त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पुढे कित्येक दिवस मात्र तो प्रश्न आमच्या मागे लागला.

त्याचे एक उत्तर असे आहे : ते आपली मुले पलटणीच्या शाळेत घालीत. गावच्या शाळेच्या ओट्यावरही ज्यांना उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या मुलांना छावणीत अक्षर मिळाले. कंपनी सरकारने या शाळा आपल्या उद्धारासाठी काढल्या नव्हत्या, हे विसरू नये. हुकूम वाचणारा आणि हिशेब ठेवणारा शिपाई सरकारला हवा होता. परंतु एकदा वाचता येऊ लागले की मनुष्य केवळ हुकूमच वाचतो असे नाही. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली, तीही प्रश्नांच्या रूपात. पुढे महारांची सैन्यभरती सरकारने बंद केली. ज्या पराक्रमाचा स्तंभ उभारला, त्याच पराक्रमाचे वारस सरकारला नकोसे झाले. बंदूक काढून घेता आली, वाचता येणे काढून घेता आले नाही. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांच्या घरात पहाटे दिव्याच्या उजेडात चाललेला अभ्यास कोणाचा, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

तरीही अक्षरओळख आणि स्वातंत्र्य या दोन गोष्टी एक नव्हेत. हा फरक आम्हांस पुण्याच्या मुक्ता साळवे यांच्यामुळे कळला. मांग समाजातील ही मुलगी जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकली. अवघ्या चौदाव्या वर्षी तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’ पत्रात दोन भागांत छापून आला. त्या निबंधात शाळेत शिकविलेले वाक्य शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. वेद ज्यांचे त्यांचेच असतील, आम्हांस ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आमचा धर्म कोणता, असे ती विचारते. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांच्या हालांचे वर्णन करते. ती दया मागत नाही, ती युक्तिवाद करते. तिच्या गुरुजनांनी तिला लिहिण्यास शिकविले हे थोर कार्य खरेच, पण त्याहून अवघड काम त्यांनी केले, असे आम्हांस वाटते : तिने काय लिहावे, हे त्यांनी सांगितले नाही. निदान तिचे वाक्य तिच्यापाशीच राहू दिले.

याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहण्यासाठी आम्ही मुलांना घेऊन शिरूरहून न्हावरे मार्गे दौंड तालुक्यातील केडगावास गेलो. उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागून हळूहळू जाणारा तो रस्ता आपल्या बहुतेक पालकांच्या परिचयाचा आहे. केडगावची पंडिता रमाबाईंची संस्था मात्र अनेकांनी रेल्वेच्या खिडकीतून जाताना नावापुरतीच ऐकलेली असते. संस्थेचे नावच ‘मुक्ती’.

रमाबाईंविषयी आपल्या समाजात फारसे बोलले जात नाही. त्यांनी स्वीकारलेला धर्म आपला नव्हे आणि त्यांच्या आश्रमातील धार्मिक शिस्तही आम्हांस पटत नाही. परंतु १८८३ मध्ये त्यांनी धर्मांतर केल्यावर पुण्यात गहजब उडाला, तेव्हा त्यांच्या बाजूने लेखणी उचलणारे जोतीराव फुलेच होते. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ते वाचावयास मिळते. त्याआधी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे रमाबाईंनी स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली, आणि त्याच आयोगास जोतीरावांनी शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले. दोन वाटांनी चाललेली दोन माणसे एकाच दाराशी उभी होती.

१८९६-९७ च्या दुष्काळात आणि पुन्हा १९०० च्या सुमारास रमाबाईंनी उपासमारीने सांगाडे झालेल्या मुली केडगावास आणल्या. येथे जात विचारली जात नव्हती. शेती, विणकाम, दूधदुभते हे सारे मुलींनीच करावयाचे. अंध मुलींना ब्रेल शिकविले जाई. पण आमची मुले सर्वांत अधिक रमली ती छापखान्याच्या हकिकतीत. त्या काळी एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ओळ जुळवावी लागे. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, आणि आपल्या देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे धरून खिळ्यांच्या घरांची संख्या इंग्रजीच्या कितीतरी पट. हे जुळाऱ्याचे काम बायका करीत. कालपर्यंत जिला ‘ग’ कोणता हे ठाऊक नव्हते, ती उलटा ‘ग’ बोटांनी ओळखू लागली. संस्कृतच्या पांडित्यामुळे कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिलेल्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर करीत होत्या. ते अडाणी बाईलाही कळावे अशा साध्या मराठीत असावे, हा त्यांचा आग्रह होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ त्यानंतर, १९२४ मध्ये, तेथूनच छापून निघाला.

येथे एका मुलीने आम्हांस अडविले. ती म्हणाली, “पण सर, त्या बायका दुसऱ्यानं लिहिलेलंच जुळवत होत्या ना?” बरोबर आहे. हाताला कसब येणे, पोटापाण्याला कोणापुढे हात पसरावा न लागणे, ही मुक्ती लहान नव्हे. दुष्काळातून उचललेल्या मुलीसाठी ती फार मोठी होती, आणि स्वच्छ, निर्दोष जुळविलेल्या पानातही माणसाची निर्मिती असते. परंतु मजकूर दुसऱ्याचा होता. मुक्ता साळवेंचा मजकूर त्यांचा स्वतःचा होता. या दोहोंमधील अंतर कापणे हे शाळेचे काम, आणि आम्ही ते किती केले हा हिशेब या निमित्ताने मांडला पाहिजे.

हिशेब आमच्या बाजूने फारसा चांगला नाही. केसपुत्त नगरीतील कालामांना भगवान बुद्धांनी, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका, असा उपदेश केला. हा उपदेश आम्ही कित्येक वर्षे तीन ओळींत फळ्यावर लिहून दिला, आणि मुलांनी तो पाठ करून परीक्षेत जसाच्या तसा उतरविला. त्यातील विसंगती आमच्या ध्यानी यावयास फार काळ लागला. निबंधांचेही तेच. एकदा ‘माझी आई’ या विषयावर एका मुलाने, आम्ही सांगितलेले सोडून, ऊसतोडीवरून आलेल्या आपल्या आईच्या तळहातांविषयी लिहिले. पाचटाने चिरलेले हात, त्यांवर लावलेली हळद, आणि त्या हातांची भाकरी तिखट लागते, असे त्याचे एक वाक्य होते. आम्ही ते लाल शाईने खोडले आणि समासात ‘विषयाला धरून लिहा’ असा शेरा दिला.

तो मुलगा पुढे आयटीआय करून रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला. संसार नीट आहे, बहिणीला त्याने शिकविले. मागे भेटला तेव्हा आदराने पाया पडू लागला, तो आम्ही त्याला थांबविले. बोलता बोलता तो हसत म्हणाला, “सर, त्या निबंधानंतर मी मनाचं कधी लिहिलंच नाही. गाइडमधलंच लिहायचो. मार्क चांगले पडले.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले.

तेव्हापासून आमच्या वर्गात निबंध सांगून लिहविणे बंद आहे. शनिवारचा शेवटचा तास मुलांचा. पहिल्या सहामाहीत गुण उतरले आणि काही पालक भेटण्यास आले. एका मातेने स्पष्ट सांगितले, “गुरुजी, आमच्या पोरांना आधी नोकरी लागू द्या.” त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावीत नाही. उसाच्या फडात उभे राहिल्यावर गुणपत्रिकेची किंमत कळते. मात्र त्यांना एक गोष्ट सांगितली, ती येथेही नोंदवितो. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह उघडले, ते अत्यंत तुटपुंज्या पैशावर. अन्न, वस्त्र, वह्या यांचीच भ्रांत होती. तरीही त्या सभेच्या प्रेरणेने विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवीत. पोट भरल्यावर लिहू, असे त्या मुलांना कोणी सांगितले नाही.

दुसऱ्या वर्षी गुण पूर्वीच्या पातळीवर आले. थोडेसे खालीच असतील, खोटे का सांगावे. शनिवारच्या वह्या मात्र आता दोन कपाटे भरून आहेत. त्यांत विहिरीवर, आजोबांच्या हलगीवर आणि दौंड जंक्शनवर चहा विकणाऱ्या मामावर लिहिलेले आहे. काही पाने अशी आहेत की ती वाचल्यावर आम्हांस पुढची वही लगेच उघडवत नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. ज्यांच्या घरी शाळेतल्या जुन्या निबंधवह्या राहिल्या असतील, त्यांनी वर्धापनदिनास येताना त्या सोबत आणाव्यात. विशेषतः जेथे आमची लाल शाई आहे, त्या आम्हांस हव्या आहेत. उतरवून घेऊन त्या परत करू.