पाहुण्याने जोडे कोठे काढावेत?



आपल्या भागाला 'कोठी' हे नाव ज्या इमारतीमुळे पडले, ती जुनी रेसिडेन्सी आज महिला विद्यापीठाच्या आवारात उभी आहे. निजामाच्या दरबारातील इंग्रज प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, तेथे राहात. ते या शहरात परदेशी पाहुणेच होते. दरबारात जाताना जोडे काढायचे आणि खाली बसायचे, ही येथली रीत त्यांनाही लागू होती. १८०५ पर्यंत रेसिडेंट असलेले जेम्स कर्कपॅट्रिक तर येथलाच पोशाख घालीत, फारसी उत्तम बोलत. पुढे १८६९ मध्ये अवघ्या अडीच वर्षांचे महबूब अली खान गादीवर आले. तेव्हा रेसिडेंटने जोडे घालून, खुर्चीवर बसण्याचा आग्रह धरला व तो मान्य करावा लागला. लहान मुलाच्या वडिलांपुढे हा आग्रह चालला नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

आता आपली मुले शिकायला परदेशी जातात, मागोमाग आईवडीलही चार-सहा महिने राहून येतात. त्यांच्याजवळ ताकद नसते, रीतच सांभाळावी लागते. जपानमध्ये घरात शिरताना जोडे काढणे आपल्याला जड जाणार नाही. पण तेथे भातात काड्या उभ्या खोचत नाहीत, कारण मृताला ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. आपण दक्षिणेकडे तोंड करून जेवायला बसत नाही, त्याच जातीचे हे. अमेरिकेत ओळख होताच पगार किती, मूल अजून का नाही, हे विचारू नये. (खरे तर येथेही विचारू नये!)

सर्वात जपायची गोष्ट स्वस्तिकाची. आपण दारावर, कलशावर, वहीच्या पहिल्या पानावर ते शुभ म्हणून काढतो. जर्मनीत हिटलरच्या पक्षाने तेच चिन्ह वापरले आणि त्या राजवटीत सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले. त्या पक्षाचे चिन्ह जाहीरपणे दाखविणे तेथे गुन्हा आहे. धार्मिक स्वस्तिक त्यात मोडत नाही, तरी जिन्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याला हा फरक कोण सांगणार? ज्याच्या आजोबांचे सारे कुटुंब गेले, त्याला आपल्या दारावर काय दिसेल? देवघरात अवश्य असू द्यावे. बाहेर रांगोळीत कमळ किंवा पावले काढावीत, आणि कोणी विचारलेच तर न चिडता अर्थ सांगावा. आपले चिन्ह फार जुने आहे, हेही सांगावे.

पाहुणे आपल्याकडेही येतात. निघताना 'जातो' म्हटले की आपली आजी दचकते, 'येतो म्हण' म्हणते. शेजारचे तेलुगू लोकही 'वेळ्ळोस्तानु', म्हणजे जाऊन येतो, असेच म्हणतात. परदेशी पाहुण्याला हे कसे समजणार?

सुट्टीत प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्यांना 'आपल्याकडे हे करत नाहीत' अशा तीन गोष्टी कारणासह विचाराव्यात आणि एका तेलुगू किंवा उर्दू बोलणाऱ्या मित्राच्या घरच्या तीन. शाळा उघडल्यावर वह्या आम्ही स्वतः पाहू.