कठीण वचनाचा पाठ : लूक १४:२६

जो आपल्या आईबापांचा द्वेष करीत नाही, त्याला शिष्य होता येत नाही, असा या वचनाचा वरवरचा अर्थ दिसतो. तेवढ्यावरच थांबून एखादा नवा विश्वासी म्हाताऱ्या आईला एकटी टाकील आणि गावाला प्रभूच्या नावास दोष देण्यास कारण मिळेल. म्हणून अशा वचनापाशी तीन गोष्टी पाहाव्या, असे आम्ही सुचवितो.

पहिली, शब्दाची रीत. याकोबाची लेआपेक्षा राहेलीवर अधिक प्रीती होती, असे सांगून लगेच मूळ इब्री शास्त्र लेआला द्वेषिलेली म्हणते (उत्पत्ति २९:३०, ३१). म्हणजे दोन प्रीतींत जी उणी, तिलाही त्या बोलीत द्वेष म्हणत.

दुसरी, जोडीचे वचन. हीच शिकवण मत्तय १०:३७ येथे आहे. तेथे आईबापांवरील प्रीती प्रभूवरील प्रीतीहून अधिक नसावी, एवढेच म्हटले आहे.

तिसरी, प्रभूचे आचरण. अर्पणाचे निमित्त करून आईबापांचे साहाय्य चुकविणाऱ्यांस त्याने दोष दिला (मार्क ७:९-१३), आणि वधस्तंभावरून आपल्या आईस शिष्याच्या हाती सोपविले (योहान १९:२६, २७).

तथापि वचनाची धार बोथट करू नये. घरच्यांचा शब्द व प्रभूचा शब्द यांत विरोध पडला, तर प्रभूचाच पाळावा. परंतु तेव्हाही आईच्या तोंडचा घास काढू नये.

उपदेशक बंधूंनी ही चारही स्थळे मंडळीकडून मोठ्याने वाचवून घ्यावी, आणि मगच अर्थ सांगावा, अशी आमची विनंती आहे.