निजामशाहीचे बंदर : चौल

अहिल्यानगर जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. येथील गोदावरी, प्रवरा, भीमा या नद्यांचे पाणी पूर्वेकडे वाहत अखेर बंगालच्या उपसागरास मिळते. परंतु अहमदनगरच्या निजामशाहीचा सागरी व्यापार पश्चिमेस, सह्याद्रीचे घाट उतरून, चौल बंदरातून चाले.

चौल हे गाव रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात, कुंडलिका नदीच्या मुखाजवळ आहे. खाडीत गलबतांस आसरा मिळे. दक्षिण तीरावर कोर्लईची टेकडी असून तेथून खाडीच्या मुखावर नजर ठेवता येते. अरब प्रवासी या बंदरास सैमूर म्हणत. येथे परदेशचे घोडे उतरत व येथून कापड बाहेर जाई.

१५२१ साली पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने पोर्तुगीजांनी चौलजवळ, आजच्या रेवदंड्यास, किल्ला बांधण्यास आरंभ केला. निजामशाहीस घोडे हवे होते आणि समुद्रावर जोर पोर्तुगीजांचा होता. पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने मोठ्या सैन्यानिशी वेढा घातला. परंतु तो निष्फळ ठरला. संमतीने दिलेली जागा शस्त्राने परत मिळाली नाही. १७४० साली हे ठाणे मराठ्यांकडे आले.

शिक्षकांनी हा पाठ नकाशा समोर ठेवूनच शिकवावा. प्रथम अहिल्यानगर ते चौल ही वाट विद्यार्थ्यांकडून बोटाने दाखवून घ्यावी. नंतर विचारावे : "जमिनीवरून वेढलेल्या किल्ल्यास कुमक कोणत्या वाटेने मिळाली असेल?" उत्तर सांगू नये, मुलांनी ते नकाशातच शोधावे. इतिहासाचे कारण भूगोलात कसे सापडते, हे त्यांस आपोआप उमगेल.