कोरी जागा

शाळेतून घरी जाताना तुमच्या मनात किती विचार येतात! पाणचक्कीजवळून जाताना वाटते, डोंगरातले पाणी नळातून एवढे उंच कसे चढत असेल? शहागंजच्या बाजारात एखादा शब्द कानावर पडतो आणि त्याची गंमत वाटते. रात्री दादी एखादी हकिगत सांगते. सकाळी आठवू गेलो, तर निम्मी विसरलेली असते.

अशा गोष्टी टिपून ठेवायला पूर्वी घरोघरी बयाज असे. आवडलेले शेर, औषधांचे नुस्खे, काढ्यांची मापे, सारे तीत लिहीत. मराठीत अशाच एका जुन्या वहीला ‘बाड’ म्हणतात. आता बयाजीच्या जागी मोबाइल आला आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि त्यानंतर अनेक लोक आपले विचार एआय चॅट सहायकाला सांगून ठेवू लागले. तो उर्दू समजतो, मराठी समजतो. एवढेच नव्हे, तर तो लगेच उत्तरही देतो. बयाज बिचारी गप्प असे!

हा सहायक कसा वापरावा हे समजण्यासाठी मी तुम्हांला एका जुन्या माणसाकडे घेऊन जाणार आहे. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादचा किल्ला ओलांडून वेरूळच्या रस्त्याने गेले, की सुमारे 25 किलोमीटरवर खुलदाबाद लागते. तेथे अमीर हसन सिज्झी यांची कबर आहे. हसन हे फारसीतील मोठे कवी आणि अमीर खुस्रो यांचे मित्र. 1327 च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसे दौलताबादला हलवली, तेव्हा हसनही इकडे आले आणि या मातीतच राहिले.

त्याच्या बऱ्याच आधी, दिल्लीत असताना, त्यांनी एक काम हाती घेतले होते. ते हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या मजलिशीत जाऊन बसत. तेथे जे बोलणे होई, ते ध्यानात ठेवून लिहून काढत. हिजरी सन 707 मध्ये, म्हणजे 1308 च्या आरंभी, त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि 1322 पर्यंत लिहीत राहिले. या ग्रंथाचे नाव ‘फवाइदुल फुआद’. थोरांचे बोलणे टिपून ठेवण्याच्या या प्रकाराला तुम्ही उर्दूत मलफूजात म्हणता. पुढे खुलदाबादच्या परिसरात हजरत बुरहानुद्दीन गरीब यांचे बोलणेही काशानी बंधूंनी असेच लिहून ठेवले.

या ग्रंथातच एक प्रसंग आला आहे. हसन यांनी आपले लिखाण हजरतांना वाचायला दिले. हजरतांनी ते वाचले आणि त्यांना ते आवडले. पण मधे मधे काही जागा कोऱ्या होत्या. “या का सोडल्या?” असे त्यांनी विचारले. तेथले उरलेले शब्द आपल्याला ठाऊक नव्हते, असे हसन यांनी सांगितले. तेव्हा हजरतांनी स्वतः ते शब्द पुरवले.

हसन कवी होते. त्या जागी शोभतील असे शब्द त्यांना सहज सुचले असते आणि कोणाला शंकाही आली नसती. तरी त्यांनी जागा कोरी ठेवली. जागा कोरी होती म्हणून प्रश्न विचारला गेला आणि प्रश्न विचारला गेला म्हणून खरे शब्द मिळाले.

आता आपल्या एआय सहायकाकडे या. त्याने पुष्कळ मजकूर वाचलेला असतो. मागच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव आहे, हे मोजून तो वाक्य तयार करतो. त्यामुळे अर्धवट टिपण त्याच्यासमोर ठेवले, की ते पुरे करण्याकडे त्याचा कल असतो. कोरी जागा तशीच सोडणे त्याला फारसे जमत नाही.

समजा, दादी तुम्हांला नानखलियाची कृती सांगत आहे. आपल्या शहराचा हा मानाचा पदार्थ तुघलकाच्या लष्कराबरोबर इकडे आला, असे लोक सांगतात. दादीने मसाल्याची आठ नावे सांगितली. तुमच्या ध्यानात सात राहिली. ती तुम्ही सहायकाला सांगितलीत आणि “नीट लिहून दे” म्हणालात. तो सुरेख कृती लिहून देईल. आठव्या जागी कदाचित जायपत्री घालील, कदाचित दगडफूल. वाचायला सगळे ठीक वाटेल. तुम्ही दादीला पुन्हा विचारणार नाही, कारण विचारण्यासारखे काही उरलेलेच दिसत नाही! आणि तुमच्या घरचा तो आठवा मसाला एक दिवस दादीबरोबरच जाईल.

म्हणून त्याला आधीच स्पष्ट सांगा : “मी सांगतो तेवढेच लिही. जेथे अर्धवट आहे तेथे रेघ ओढून जागा सोड. तुझ्याकडून काही घालू नकोस.” मग म्हणा, “यावर मला पाच प्रश्न विचार.” माझ्या मते प्रश्न विचारण्यातच या सहायकाचा खरा उपयोग आहे. तो विचारील : मसाला भाजून घेतात की कच्चा वाटतात? लग्नाची देग आणि घरचे पातेले यांत चवीचा फरक का पडतो? दादी हे कोणाकडून शिकली? यांतला एखादा प्रश्न तुम्हांला सुचलाही नसता. तो घेऊन दादीकडे जा, बावर्चीकडे जा. निबंधाला विषय हवा असेल, तर तोही तेथेच सापडेल.

आणखी एक गंमत सांगतो. घरी तुम्ही ‘नक्को’ म्हणता. दख्खनीतला हा शब्द मराठीच्या ‘नको’वरून आला आहे. सहायक मात्र तुमचे टिपण ‘शुद्ध’ करताना ‘नक्को’ काढून ‘नहीं’ घालण्याचा संभव आहे. त्याला तसे करू देऊ नका. दादी जे बोलली, तेच राहू द्या.

ही काळजी काही आजची नाही. शहराच्या दक्षिणेला सुमारे 50 किलोमीटरवर पैठण आहे. तेथील संत एकनाथांना दिसले, की ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये नकलून घेणाऱ्यांनी चुकीचे पाठ घुसवले आहेत. त्यांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि 1584 मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असेही त्यांनी बजावले. नकलून घेणाऱ्या त्या माणसांचा हेतू वाईट असेलच असे नाही. त्यांनाही वाक्य पुरे करण्याचा मोह झाला असेल.

सहायकाला सांगितलेली गोष्ट तुमच्या खोलीत राहत नाही. ती दूरच्या कंपनीच्या संगणकांवर जाते. म्हणून घरातली भांडणे, कोणाचे आजारपण, मैत्रिणीचे गुपित, फोन नंबर हे त्याला सांगू नका. त्यासाठी कागदाची वही आहे. शिवाय या सेवांना वयाची अट असते. अम्मी-अब्बांना सांगूनच त्या वापरा.

शब्दार्थ
मोह – एखादी गोष्ट करावीशी वाटणे. कल – झुकाव. पाठ – ग्रंथातील मूळ शब्दरचना. ताडून पाहणे – शेजारी ठेवून तुलना करणे. बजावणे – ताकीद देणे

स्वाध्याय
1. हसन सिज्झी यांनी लिखाणात जागा कोऱ्या का ठेवल्या?
2. दख्खनीत आलेले आणखी तीन मराठी शब्द घरातील मोठ्यांना विचारून लिहा.
3. घरातील एखाद्या पदार्थाची कृती ऐका आणि एका दिवसानंतर लिहून काढा. आठवणार नाही तेथे जागा सोडा. मग सांगणाऱ्या व्यक्तीला विचारून ती जागा दुसऱ्या रंगाच्या शाईने भरा.