कंबर दुखते, पिशवी का काढायची?

कंबर दुखणारी बाई हाडांच्या डॉक्टरकडे गेली की पट्टा मिळतो, वैद्याकडे बस्ती, तर कुठे थेट पिशवी काढायचा सल्ला. आम्हा डॉक्टरांचीही जात असते. जो जे शिकला तेच त्याला दिसते. मीही वर्षानुवर्षे गोळ्याच लिहिल्या.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली! मोळ्या उचलून दुखावलेली कंबर पिशवी काढून कशी थांबणार? सोबत अंडाशयही काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात.

कर्करोग किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर शस्त्रक्रिया टाळू नये. एरवी भगिनींनी आधी विचारावे, 'डॉक्टर, पिशवीत नेमका कोणता आजार आहे?' आणि दुसऱ्या शाखेच्या डॉक्टरांनाही दाखवावे.